याकोब बर्नाइस : धर्म न बदलता ग्रीक विद्या शिकवणारा जर्मन पंडित

याकोब बर्नाइस (जन्म : ११ सप्टेंबर १८२४, हॅम्बुर्ग, मृत्यू : २६ मे १८८१, बॉन) हे एकोणिसाव्या शतकातील जर्मनीचे ग्रीक आणि लॅटिन भाषांचे थोर अभ्यासक. हरवलेल्या ग्रंथांचे तुकडे इतरांच्या ग्रंथांतून शोधून काढणे आणि त्यांतून मूळ ग्रंथ पुन्हा उभा करणे, या कामात त्यांच्या तोडीचे अभ्यासक त्या काळी फार थोडे होते. अ‍ॅरिस्टॉटलच्या 'कॅथार्सिस' या संकल्पनेचा त्यांनी लावलेला अर्थ आजही जगभरच्या नाट्यशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. तरीही त्यांना पूर्ण प्राध्यापकपद आयुष्यात कधीच मिळाले नाही. कारण एकच : ते यहुदी होते आणि बाप्तिस्मा घ्यायला त्यांनी नकार दिला.

बौद्ध वाचकांना हे नाव बहुधा अनोळखी असेल. पण पशुयज्ञाला विरोध करणारा एक प्राचीन ग्रीक ग्रंथ याच माणसाने विस्मृतीतून बाहेर काढला. त्या कामासाठी ज्या पुस्तकाची त्यांनी चिरफाड केली, त्याच पुस्तकाच्या शेवटच्या भागात भारतातल्या समणांचे वर्णन आहे. त्यामुळे त्यांची ओळख करून घेणे आपल्यासाठी उपयोगाचे आहे.

घर आणि शिक्षण

वडील इसाक बर्नाइस १८२१ पासून हॅम्बुर्गच्या यहुदी समाजाचे प्रमुख धर्मगुरू होते. ते सनातनी मताचे होते, पण स्वतः विद्यापीठात शिकलेले. ते जर्मन भाषेत प्रवचन देत आणि समाजाच्या शाळेत धर्मशिक्षणाच्या जोडीला जर्मन भाषा व इतर व्यावहारिक विषय शिकवण्याचा त्यांनी आग्रह धरला. याकोब या घरात हिब्रू ग्रंथ पाठ करत वाढले. एकेका शब्दावर थांबायचे, त्याच्या मागचा-पुढचा संदर्भ तपासायचा, आधीचे भाष्यकार काय म्हणाले ते पाहायचे ही सवय तिथेच लागली. ग्रीक आणि लॅटिन नंतर आले, पण वाचण्याची पद्धत घरातून आलेली होती.

१८४४ मध्ये ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. तिथे फ्रीड्रिख रित्शल हे लॅटिनचे नामवंत प्राध्यापक होते. नीत्शे हेही पुढे त्यांचेच विद्यार्थी झाले. रित्शल यांच्या हाताखाली बर्नाइस यांनी रोमन कवी लुक्रेशियस याच्या काव्यावर काम केले. जग अणूंचे बनलेले आहे, देवांच्या भीतीने माणूस दुःखी होतो, ती भीती ज्ञानाने जाते, असे सांगणारा हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला कवी. सनातनी धर्मगुरूच्या मुलाने अभ्यासाला हाच कवी निवडावा, याची गंमत वाटते.

काम मात्र रुक्ष आणि किचकट होते. लुक्रेशियसच्या काव्याच्या अनेक हस्तलिखित प्रती युरोपभर विखुरलेल्या होत्या. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली, कोणती चूक कुठून कुठे गेली, हे तपासत बर्नाइस यांनी प्रतींची एक वंशावळ तयार केली. दोन प्रतींत एकच विचित्र चूक आढळली, तर त्यांचा पूर्वज एक असणार, हा त्यामागचा साधा तर्क. अशा रीतीने मागे मागे जात, सगळ्या प्रतींच्या मुळाशी असलेल्या हरवलेल्या प्रतीपर्यंत पोचता येते. त्यांचा हा निबंध १८४७ मध्ये छापून आला, तेव्हा ते तेवीस वर्षांचेही नव्हते. तीन वर्षांनी, १८५० मध्ये, कार्ल लाखमान या ज्येष्ठ पंडिताने लुक्रेशियसची आवृत्ती काढली आणि ही पद्धत लाखमानच्या नावाने प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकात इटालियन अभ्यासक सेबास्तियानो तिम्पानारो यांनी या पद्धतीचा इतिहास लिहिला, तेव्हा तरुण बर्नाइस यांचा वाटा नीट नोंदवला गेला. ज्येष्ठाच्या नावाखाली कनिष्ठाचे काम झाकले जाते, हे विद्यापीठांत नवे नाही.

पाली ग्रंथांच्या सिंहली, ब्रह्मी आणि थाई लिपींतल्या प्रती समोरासमोर ठेवून पाठ ठरवले जातात, तेव्हा वापरली जाणारी तुलनेची दृष्टी याच जातकुळीची आहे.

बंद दार

१८४८ मध्ये पदवी घेऊन बर्नाइस बॉनमध्येच शिकवू लागले. पद होते 'प्रिव्हाटडोझेंट'चे, म्हणजे विद्यापीठाचा पगार नसलेला, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर भागवणारा अध्यापक. पुढची पायरी प्राध्यापकपदाची, आणि तिथेच अडथळा होता. प्रशियात १८२२ मध्ये यहुद्यांना विद्यापीठातील पदांपासून दूर ठेवणारा निर्णय झाला होता. एडुआर्ड गान्स हे कायद्याचे विद्वान त्यामुळे अडले. १८२५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मग त्यांना प्राध्यापकपद मिळाले. कवी हाइने यांनीही त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. १८४७ च्या कायद्याने हे निर्बंध थोडे सैल झाले. १८५० च्या राज्यघटनेत तर नागरिकांचे हक्क धर्मावर अवलंबून नाहीत असे लिहिलेच होते. पण घटनेत लिहिले म्हणून नेमणूक करणारे बदलत नाहीत. यहुदी उमेदवाराची फाइल पुढे सरकत नसे, आणि त्याचे कारण कागदावर कुणी लिहीत नसे.

बर्नाइस यांचे हितचिंतक कमी नव्हते. लंडनमधले प्रशियाचे राजदूत आणि विद्वान क्रिश्चियन बुन्सेन यांना त्यांच्याविषयी खरा जिव्हाळा होता. त्यांनी मैत्रीपोटीच ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला. बर्नाइस यांनी तो ठामपणे नाकारला. ते शब्बाथ कडक पाळत, आहाराचे नियम पाळत, आणि विद्यापीठाच्या वर्तुळात वावरताना त्यात तडजोड करत नसत.

इथे आपल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न येणे साहजिक आहे. आपण धर्मांतराकडे मुक्तीची वाट म्हणून पाहतो, मग धर्मांतर नाकारणाऱ्याचे कौतुक कशाला? पण दोन्हींत काय घडते ते पाहावे. १९३५ साली येवल्यात घोषणा झाली आणि १९५६ मध्ये नागपुरात दीक्षा झाली, त्यामागे एकवीस वर्षांचा अभ्यास आणि लाखो माणसांचा स्वतःचा निर्णय होता. बर्नाइस यांच्यासमोर ठेवला होता तो नोकरीचा मोबदला. विश्वास बदलला का, हे कुणी विचारत नव्हते, दाखला बदलला की पुरे होते. आपला धर्म आपण ठरवायचा, तो नेमणूक करणाऱ्याने ठरवायचा नाही, हा मुद्दा दोन्हीकडे एकच दिसतो.

घरातच याची झळ लागली. धाकटा भाऊ मिखाएल बर्नाइस यांनी १८५६ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे ते म्युनिकमध्ये साहित्याचे प्राध्यापक झाले आणि गटेचे अभ्यासक म्हणून गाजले. याकोबनी या भावाशी संबंध तोडले. भावाचीही काही बाजू असेलच. त्याने केले ते त्या काळी शेकडो सुशिक्षित यहुदी करत होते, आणि या बाबतीत याकोब यांचा कठोरपणा मला तरी पूर्ण पटत नाही.

ब्रेस्लाउची तेरा वर्षे

१८५३ मध्ये बर्नाइस बॉन सोडून पूर्वेला ब्रेस्लाउ शहरात गेले. तिथे एका यहुदी व्यापाऱ्याच्या देणगीतून नवे यहुदी धर्मशास्त्र विद्यालय उभे राहत होते. १८५४ मध्ये ते सुरू झाले. प्राचार्य होते झकारियास फ्रांकेल, आणि सहकारी इतिहासकार हाइनरिख ग्रेट्झ. आधुनिक पद्धतीने शिकलेले यहुदी धर्मगुरू तयार करणे हा विद्यालयाचा हेतू. बर्नाइस तिथे तरुणांना ग्रीक, लॅटिन आणि इतर विषय शिकवत. विद्यापीठाने नाकारलेल्या माणसाला समाजाच्या स्वतःच्या संस्थेने जागा दिली. त्यांचे बहुतेक मोठे ग्रंथ याच काळातले आहेत.

रोमन इतिहासाचे महापंडित थिओडोर मोमसेन १८५४ ते १८५८ या काळात ब्रेस्लाउ विद्यापीठात होते. राजकीय मतांमुळे लाइपझिगची नोकरी गमावून आलेला हा माणूस, आणि धर्मामुळे बॉनला मुकलेले बर्नाइस. दोघांची घट्ट मैत्री जमली. योगायोगाची आणखी एक गोष्ट : पाली टेक्स्ट सोसायटीचे संस्थापक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स तरुणपणी संस्कृत शिकले ते याच ब्रेस्लाउमध्ये, प्राध्यापक स्टेन्झलर यांच्याकडे. ही सोसायटी १८८१ मध्ये स्थापन झाली, म्हणजे बर्नाइस वारले त्याच वर्षी.

१८५५ मध्ये बर्नाइस यांनी सोळाव्या शतकातील विद्वान जोसेफ स्कालिगर यांचे चरित्र लिहिले. पुढच्या वर्षी एका ग्रीक नीतिकाव्यावर निबंध आला. हे काव्य इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या फोकिलिडिस नावाच्या कवीचे समजले जाई आणि शाळांतून शिकवले जाई. घरट्यातली सगळी पाखरे घेऊ नका, आईला सोडून द्या, असा नियम त्यात येतो. बर्नाइस यांनी दाखवले की हा नियम सरळ यहुदी धर्मग्रंथातला आहे आणि काव्य लिहिणारा कुणी ग्रीक बोलणारा यहुदी होता. त्याने आपली नीती प्राचीन ग्रीक कवीच्या नावावर खपवली होती.

१८५७ चा निबंध मात्र सर्वांत गाजला. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की शोकांतिका करुणा आणि भीती यांच्या द्वारे या भावनांचे 'कॅथार्सिस' घडवते. हा शब्द नेमका काय सांगतो, यावर शतके वाद चालला होता. लेसिंगसारख्या टीकाकारांनी त्याचा अर्थ नैतिक शुद्धी असा घेतला : नाटक पाहून माणसाच्या भावना सद्गुणांत बदलतात. बर्नाइस यांनी अ‍ॅरिस्टॉटलच्याच 'राज्यशास्त्र' ग्रंथातला एक भाग पुढे ठेवला. तिथे तो अंगात आल्यासारख्या अवस्थेतल्या माणसांविषयी बोलतो. विशिष्ट संगीत ऐकवले की त्यांचा आवेग उसळतो, मग ओसरतो, आणि औषधाने पोट साफ व्हावे तसे त्यांना हलके वाटते. तेव्हा कॅथार्सिस हा वैद्यकातला शब्द आहे, साठलेल्या भावनेला वाट करून देणे हा त्याचा अर्थ, असे बर्नाइस यांनी मांडले. नाट्यगृह म्हणजे नीतीची शाळा, असे मानणाऱ्यांना हे रुचले नाही आणि मोठा वाद पेटला. आजचे अनेक अभ्यासक हा अर्थ अपुरा मानतात, अ‍ॅरिस्टॉटलच्या विचारात भावनेबरोबर समजूतही येते असे सांगतात. पण त्यांनाही सुरुवात बर्नाइसपासूनच करावी लागते.

हा निबंध १८८० मध्ये पुन्हा छापला गेला आणि व्हिएन्नात त्याची बरीच चर्चा झाली. ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी पुढे आपल्या उपचाराला 'कॅथार्सिसची पद्धत' म्हटले, त्यांचे पुस्तक १८९५ चे. फ्रॉइड यांची पत्नी मार्था ही याकोब बर्नाइस यांची सख्खी पुतणी.

पशुयज्ञाविरुद्धचा हरवलेला ग्रंथ

१८६६ मध्ये आलेले 'थिओफ्रास्टसचा भक्तीवरील ग्रंथ' हे त्यांचे पुस्तक आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे.

थिओफ्रास्टस हा अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य आणि त्याच्या विद्यापीठाचा पुढचा प्रमुख. काळ साधारण इ.स.पू. ३७१ ते २८७. त्याने देवभक्तीवर एक ग्रंथ लिहिला होता, पण तो नष्ट झाला. पुढे सहाशे वर्षांनी, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने मांसाहार सोडण्यावर चार भागांचा ग्रंथ लिहिला. फर्मुस कास्ट्रिकिअस नावाचा त्याचा मित्र शाकाहार सोडून पुन्हा मांस खाऊ लागला होता, त्याला समजावण्यासाठी. दुसऱ्या भागात पॉर्फिरी सांगतो की इथली मते थिओफ्रास्टसची आहेत, काही मी गाळली, काही आटोपशीर केली, थोडी भर घातली. बर्नाइस यांनी हीच कबुली धरली. भाषेचा वळसा कुठे बदलतो, कोणता विचार तिसऱ्या शतकातला असणे शक्य नाही, कुठे पॉर्फिरी स्वतः मध्येच बोलतो, हे पाहत त्यांनी थर वेगळे केले. पाण्यात मिसळलेले दूध वेगळे काढावे तसे हे काम. नंतरच्या अभ्यासकांनी काही उताऱ्यांच्या सीमा बदलल्या, पण गाभा टिकून आहे.

त्यातून उभा राहिलेला थिओफ्रास्टस काय सांगतो? सुरुवातीला माणसे देवांना गवत, पाने, मग धान्य वाहत. दुष्काळ आणि युद्धांनी हाल झाले तेव्हा रक्ताचे बळी सुरू झाले. ही प्रथा मूळची नाही, संकटातून आलेली विकृती आहे. मग तो युक्तिवाद करतो. आभार मानायला आपण दुसऱ्याचे चोरून देतो का? पिकाचे दाणे घेतले तर झाड फळे टाकतेच, मधमाशीच्या मधात माणसाची मेहनत असते, पण प्राण्याचा जीव घेतला तर त्याचे सर्वस्व जाते. आणि प्राणी आपले नातलग आहेत, कारण देह, इच्छा, राग, वेदना जाणण्याची शक्ती त्यांच्यात आणि आपल्यात सारखी आहे.

त्यातल्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. थेसलीचा एक श्रीमंत सोन्याने मढवलेल्या शिंगांचे बैल घेऊन डेल्फीला आला. देववाणी झाली की देवाला जास्त आवडले ते हर्मिओनी गावच्या माणसाने आपल्या पिशवीतून तीन बोटांच्या चिमटीत वाहिलेले धान्य. हे ऐकून त्या गरिबाने अख्खी पिशवीच वेदीवर ओतली, तर उत्तर आले की मघाशी जेवढा आवडला त्याच्या दुप्पट आता नावडता झालास.

दुसरी गोष्ट अथेन्सची. तिथे दरवर्षी एका बैलाचा बळी देत आणि लगेच त्या हत्येचा खटला चालवत. पाणी आणणाऱ्या मुली धार लावणाऱ्यावर दोष ढकलत, धार लावणारा कुऱ्हाड देणाऱ्यावर, तो मारणाऱ्यावर, आणि मारणारा सुऱ्यावर. सुऱ्याला बोलता येत नाही, म्हणून तो दोषी ठरे आणि समुद्रात फेकला जाई. बळी देणाऱ्यांच्या मनाला आतून काय टोचत होते, हे यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण.

दीघ निकायातले कूटदन्त सुत्त ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे वातावरण ओळखीचे वाटेल. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या न मारता, तूप, तेल, लोणी, दही, मध, गूळ यांनी झालेल्या यज्ञाची कथा तिथे तथागत सांगतात. थिओफ्रास्टसच्या मृत्यूनंतर थोड्याच दशकांत सम्राट अशोकाने पहिल्या शिलालेखात यज्ञासाठी जीव मारू नये असे कोरून घेतले. दोन दूरच्या समाजांत जवळपास एकाच सुमाराला यज्ञवेदीवरच्या रक्ताबद्दल प्रश्न विचारले जात होते, एवढेच इथे नोंदवतो. कोणी कोणाकडून घेतले, असा दावा करण्याचा मोह आवरलेला बरा.

पॉर्फिरीच्या चौथ्या भागात मात्र भारत थेट येतो. एडेसा नगरीच्या बार्दैसान या लेखकाच्या आधारे तो भारतातल्या तपस्व्यांचे दोन प्रकार सांगतो. ब्राह्मण हे जन्माने, वंशपरंपरेने होतात. 'समनाइओइ' मात्र एका वंशाचे नसतात, भारतातल्या कोणत्याही लोकांतून ते निवडले जातात. समण होऊ पाहणारा गावाच्या प्रमुखांपुढे जाऊन मालमत्ता सोडतो, मुंडन करतो, चीवर घालतो. घंटा वाजली की प्रार्थना, पुन्हा घंटा वाजली की प्रत्येकाला वेगळ्या भांड्यात भात, हवी असेल तर भाजी किंवा फळे. राहायची घरे राजाने बांधून दिलेली. हे विहाराचे वर्णन आहे हे सांगायला नको. पाली 'समण' शब्द ग्रीक लिपीत जसाच्या तसा बसला आहे, आणि जन्म विरुद्ध निवड हा फरक परदेशी लेखकालाही पहिल्यांदा दिसला.

थिओफ्रास्टसच्या ग्रंथात यहुद्यांचाही उल्लेख येतो, ग्रीक साहित्यातल्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक. तो त्यांना तत्त्वज्ञांचा समाज म्हणतो. बर्नाइस यांनी हा उतारा अर्थातच नीट उलगडला.

जेरुसलेमचे मंदिर कुणी जाळले?

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले. रोमच्या आश्रयाला गेलेला यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो की सेनापती टायटसला मंदिर वाचवायचे होते, सैनिकांच्या हातून आग लागली. इ.स. ४०० च्या सुमाराचा ख्रिस्ती लेखक सुल्पिकिअस सेवेरस उलट सांगतो : मंदिर पाडण्याचा निर्णय टायटसचाच. एवढ्या उशिराच्या लेखकावर कोण विश्वास ठेवणार? बर्नाइस यांनी १८६१ मध्ये दाखवले की सेवेरस इतरत्र टॅसिटसचे शब्द उचलतो, तेव्हा हा उताराही टॅसिटसच्या हरवलेल्या भागातून आला असावा. मग जोसेफसने आपल्या आश्रयदात्याला सावरून घेतले असे ठरते. सगळ्यांना हे मान्य नाही, वाद अजून चालू आहे. पण विजेत्याच्या दरबारात लिहिलेला इतिहास कसा तपासावा, याचा हा उत्तम नमुना आहे.

पुन्हा बॉन

१८६५ मध्ये रित्शल सहकाऱ्यांशी झालेल्या भांडणातून बॉन सोडून लाइपझिगला गेले. १८६६ मध्ये बर्नाइस यांना बॉनला बोलावण्यात आले ते विद्यापीठाचे मुख्य ग्रंथपाल आणि दुय्यम दर्जाचे प्राध्यापक म्हणून. १८६९ मध्ये उत्तर जर्मन संघात धर्मावरून होणारे सर्व निर्बंध कायद्याने रद्द झाले, तरी त्यांचा दर्जा मृत्यूपर्यंत तोच राहिला. पुढे ग्रीक विद्येचे सर्वांत मोठे नाव ठरलेले विलामोवित्झ तेव्हा बॉनमध्ये विद्यार्थी होते आणि बर्नाइस यांच्या वर्गात बसत. या वर्षांत हेराक्लिटसच्या नावावरच्या पत्रांवर (१८६९), लुशियन आणि सिनिक पंथावर (१८७९) पुस्तके आली, अ‍ॅरिस्टॉटलच्या 'राज्यशास्त्रा'च्या पहिल्या तीन भागांचे भाषांतर (१८७२) झाले.

याच बॉन विद्यापीठात १९२१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाव नोंदवले होते. शाळेत त्यांना संस्कृत नाकारले गेले होते आणि फारसी घ्यावी लागली होती. प्राचीन भाषांच्या वर्गात कुणी बसायचे आणि कुणी शिकवायचे, हे ठरवणारे लोक दोन्ही देशांत होते.

बर्नाइस यांचे विखुरलेले निबंध हेर्मान उसेनर यांनी १८८५ मध्ये दोन खंडांत एकत्र केले. त्यांची पत्रे १९३२ मध्ये ब्रेस्लाउमध्ये पुस्तकरूपाने निघाली. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि यहुदी प्राध्यापक पुन्हा विद्यापीठांबाहेर काढले गेले, या वेळी बाप्तिस्मा घेतलेलेसुद्धा. नोव्हेंबर १९३८ च्या हल्ल्यांत ब्रेस्लाउच्या त्या विद्यालयाची मोडतोड झाली आणि ते बंद पडले. ते शहर आता पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्सवाफ.